सशांच्या खाद्यातले अपारंपरिक वनस्पती प्रथिनस्रोत

सोयाबीन पेंड, सूर्यफूल पेंड आणि लसूणघास सोडून बाकी झाडपाल्यातलं किंवा बियांमधलं प्रोटीन सशाच्या फीडमध्ये घातलं की त्याला अपारंपरिक म्हणतात. सुबाभूळ, शेवगा, तुती, हादगा यांचा पाला, गोड ल्युपिन, बाकला आणि अबई या शेंगवर्गी बिया, आणि पाण्यावर तरंगणारं अझोला हे त्यातले नेहमीचे. सरकी पेंड कुणी यात धरतं, कुणी नाही.

सशाला चांगल्या प्रतीचं प्रोटीन लागतंच का, हा यातला जुना वाद. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या परत खातो, ही नोंद फ्रेंच पशुवैद्य मोरो यांनी १८८२ च्या सुमारास केली असं सहसा मानतात, पाळणाऱ्यांच्या नजरेला ते आधीही आलं असणारच. या लेंड्यांच्या सुक्या भागात अंदाजे २५ ते ३० टक्के प्रोटीन असतं आणि त्यातलं बरंचसं सीकममधल्या (लहान आतड्यानंतरच्या पिशवीसारख्या आतड्यातल्या) जंतूंनी बनवलेलं, म्हणून बराच काळ असं धरून चालले की गाईसारखं सशालाही कसलंही प्रोटीन चालतं, उरलेलं जंतू बघून घेतील. पण रोजच्या एकूण प्रोटीनमध्ये याचा वाटा साधारण १५ ते २० टक्केच भरतो, शिवाय गाईचे जंतू पोटात सुरुवातीलाच असतात आणि सशाचे लहान आतडं संपल्यावर. त्यामुळं लायसिन, मेथिओनिन-सिस्टीन आणि थ्रिओनिन ही अमिनो आम्लं (प्रोटीनचे घटक) खाद्यातूनच यायला हवीत, हे नंतरचं मत जास्त पटतं. वाढत्या पिल्लांना १६ टक्क्यांच्या आसपास क्रूड प्रोटीन (नायट्रोजनवरून काढलेलं एकूण प्रोटीन) आणि ०.७५ ते ०.८ टक्के लायसिन धरतात. ल्युपिन, बाकला यांत मेथिओनिन कमी पडतं, सरकीत लायसिन, म्हणून एकच स्रोत घालून नुसता प्रोटीनचा आकडा जुळवणं चुकीचंच.

दुसरी अडचण विषारी घटकांची. सुबाभळीच्या पाल्यात प्रोटीन भरपूर पण मिमोसिन हा विषारी घटकही असतो, तो जास्त झाला की केस गळतात, वाढ खुंटते. रवंथ करणाऱ्या काही जनावरांच्या पोटातला सिनर्जिस्टेस जोन्सी हा जंतू मिमोसिनपासून होणारं विष मोडतो, सशाच्या बाबतीत त्यावर भिस्त ठेवू नये कारण मिमोसिन सीकमपर्यंत जायच्या आधीच बरंचसं रक्तात उतरतं. पाला वाळवला, तापवला तर ते कमी होतं, पूर्ण जात नाही. फेरस सल्फेट मिमोसिनला बांधून ठेवतं, सरकीतल्या गॉसिपॉल या विषारी घटकालाही तेच लागू. अबईतलं कॅनाव्हानिन हे विष नुसत्या भाजण्यानं जात नाही, बिया भिजवून उकळून पाणी फेकावं लागतं. एरंडाची पेंड त्यातल्या रिसिन या विषामुळं टाळलेलीच बरी.

शेवगा आणि तुती त्या मानानं सुरक्षित, आणि फायबरही सोबत येतं. अझोल्यात पाणी फार, वाळवूनच वापरतात.

दूध तोडलेल्या पिल्लांना मात्र कुठलंही प्रोटीन जास्त झालं की न पचलेला भाग सीकममध्ये जातो, तिथं अमोनिया वाढतो, क्लॉस्ट्रिडियमसारखे जंतू माजतात आणि हगवण लागते, म्हणून नवा पाला थोडा थोडा वाढवत देतात.