न्यूमिझमॅटिक्स : अवयव, आघात आणि घटक

न्यूमिझमॅटिक्स हे नाणकशास्त्राचे इंग्रजी नाव. नाशिकमध्ये हा शब्द दोन कारणांनी कानावर पडतो. एक म्हणजे त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला असलेली नाणक-संशोधन संस्था. दुसरे नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावचा साठा : १९०६ मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी मिळाली आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता.

देवनागरीत या शब्दाची अक्षरे सहा दिसतात : न्यू, मि, झ, मॅ, टि, क्स. उच्चारात अवयव (एका दमात उच्चारले जाणारे तुकडे, इंग्रजीत सिलॅबल) मात्र चारच, न्यू–मिझ–मॅ–टिक्स, कारण मोजायचे ते स्वर. ‘झ’ आणि ‘क्स’ यांना स्वतःचा स्वर नाही. ते मागच्या स्वराला चिकटतात. स्पेलिंगमध्ये ‘झ’च्या जागी ‘एस’ असला तरी ‘म’च्या आधी तो घोष, म्हणजे कंठ कंपवून उच्चारलेला, होतो. हा झ ‘झाड’मधला नव्हे, ‘जमीन’मधल्या ‘ज’च्या जवळचा.

मुख्य आघात, म्हणजे उच्चारातला जोर, तिसऱ्या अवयवावर, ‘मॅ’वर, पहिल्या ‘न्यू’वर दुय्यम. ‘-इक’ आणि ‘-इक्स’ हे प्रत्यय आघात आपल्या लगेच आधीच्या अवयवावर ओढून घेतात (‘पॉलिटिक्स’ आणि ‘अरिथ्मेटिक’ हे ठळक अपवाद). ‘-इस्ट’ तसे करत नाही. म्हणून नाणकशास्त्रज्ञ या अर्थाच्या ‘न्यूमिझमटिस्ट’मध्ये आघात दुसऱ्या अवयवावर, ‘मिझ’वर येतो आणि पूर्वीचा ठसठशीत ‘मॅ’ पुसट ‘म’ होऊन बसतो. मराठीत नाणकशास्त्राचा नाणकशास्त्रज्ञ झाला तरी आधीचे स्वर जागचे हलत नाहीत. त्यामुळे मराठी भाषक दोन्ही शब्दांत ‘मॅ’च म्हणतो. चूक होते ती इथे.

अर्थाच्या घटकांची फोड अवयवांशी जुळत नाही. मूळ ग्रीक ‘नोमिस्मा’, म्हणजे चलनी नाणे. ते ‘नोमोस’ (रूढी, कायदा) या शब्दावरून आले. प्रकृती (प्रत्यय लागण्याआधीचा मूळ भाग) ‘न्यूमिझमॅट’, पुढे ‘-इक’, पुढे ‘-स’. ‘ट’ अर्थाच्या दृष्टीने प्रकृतीचा, पण बोलताना पुढच्या ‘टिक्स’मध्ये जातो. शेवटचा ‘-स’ अनेकवचनी दिसतो. तरी शास्त्राचे नाव म्हणून क्रियापद एकवचनीच लागते.

घाईत ‘मिझ’ गळला तर उरते ‘न्यूमॅटिक्स’, तीन अवयवांचे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हाच शब्द रोजचा आहे, पण तो दाबाखालच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रणेचा. त्याचे मूळ वेगळे, ग्रीक ‘न्यूमा’ (श्वास, वारा). इंग्रजीत सुरुवातीला अनुच्चारित ‘पी’ही लागतो. म्हणजे एक अवयव सुटला की नाण्यांची हवा होते.

सराव शेवटाकडून करावा : आधी ‘मॅटिक्स’, मग ‘मिझमॅटिक्स’, मग पूर्ण शब्द. सुरुवातीपासून म्हणत गेल्यास जोर ‘न्यू’वर खर्च होतो आणि ‘मॅ’पर्यंत पोचेतो आवाज सपाट झालेला असतो.