ऑप्टिकल वायर लावण्याआधी हे वाचा
हेडफोनवर एसएसीडी ऐकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"प्लेअर बिघडलाय. साधी सीडी वाजते, पण एसएसीडी लावली की आवाजच नाही." ही तक्रार घेऊन सांगली-मिरजेतूनच नव्हे, इस्लामपूर, तासगाव, जतहूनही लोक आमच्या दुकानात येतात. प्लेअर चादरीत गुंडाळून नीट आणलेला असतो, सोबत रिमोट आणि बिल. आम्ही तो टेबलावर घेतो, मागच्या लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटला आमची वायर जोडतो आणि हेडफोन ग्राहकाच्या कानाला देतो. आवाज येतो. प्लेअर ठणठणीत असतो. घरी त्यांनी ऑप्टिकल वायर, म्हणजे प्रकाशातून डिजिटल सिग्नल नेणारी वायर, लावलेली असते.

हे पत्रक मुख्यतः त्या एका वायरीसाठी छापलं आहे. या चुकीपायी ग्राहकाचा एक दिवस आणि एसटीचं भाडं जातं, आणि आमच्या टेबलावर खरोखर बिघडलेल्या यंत्राचा नंबर मागे पडतो.

एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ साली आणली. साध्या सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा. एसएसीडीवर नमुना फक्त १ बिटचा, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा, म्हणजे सीडीच्या ६४ पट. या पद्धतीला डीएसडी म्हणतात. डिस्कची हुबेहूब नक्कल होऊ नये म्हणून कंपन्यांनी सुरुवातीपासूनच बंधन घातलं, की हा डीएसडी सिग्नल साध्या ऑप्टिकल किंवा कोअॅक्सियल सॉकेटमधून मूळ स्वरूपात बाहेर पडणार नाही. त्यामुळे त्या वायरीवर प्लेअरप्रमाणे तीनपैकी एक गोष्ट मिळते: पूर्ण शांतता, दर्जा उतरवलेला सिग्नल, किंवा डिस्क हायब्रिड असेल आणि प्लेअर सीडीच्या थरावर ठेवलेला असेल तर साधी सीडी.

शांतता आली तर निदान काहीतरी चुकतंय हे कळतं. तिसऱ्या प्रकारात काहीच कळत नाही. हायब्रिड डिस्कला दोन थर असतात. एक सीडीचा, जो कुठल्याही सीडी प्लेअरवर वाजतो, आणि दुसरा एसएसीडीचा, ज्याला वेगळा लेझर लागतो. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक ग्राहक आठ महिने रोज रात्री एसएसीडी ऐकत होते, असं त्यांना वाटत होतं. ऐकत होते ते सीडीचा थर. प्लेअर चांगला, बाहेरचा डॅक (डिजिटल सिग्नलचं ऐकण्याजोग्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) चांगला, हेडफोनही उत्तम, पण ज्या थरासाठी त्यांनी एवढे पैसे घातले होते तो एकदाही त्यांच्या कानापर्यंत पोचला नव्हता. त्यांना हे सांगताना आम्हालाच वाईट वाटलं, कारण विकताना आम्ही विचारायला हवं होतं. तेव्हापासून बिल करण्याआधी "मागे कुठली वायर लावणार?" हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो. काहींना तो अपमानास्पद वाटतो, तसा हेतू नसतो.

याचा खरेदीवर सरळ परिणाम होतो. सीडीसाठी बाहेरचा महाग डॅक घेतला तर त्याचा उपयोग आहे. एसएसीडीसाठी तुम्ही ऐकणार तो डॅक प्लेअरच्या पोटातला. काही महागड्या जोड्यांत कंपनीची स्वतःची खास जोडणी असते, पण तेव्हा प्लेअर आणि डॅक बहुधा एकाच कंपनीचे घ्यावे लागतात. म्हणून हेडफोनवर ऐकणाऱ्याने बाहेरच्या डॅकचे पैसे वाचवून ते चांगल्या अॅनालॉग आउटपुटच्या प्लेअरवर आणि हेडफोन अॅम्प्लिफायरवर घालावेत, असा आमचा ठाम सल्ला आहे. जोडणी साधी आहे: प्लेअरच्या आरसीए आउटमधून हेडफोन अॅम्पच्या लाइन इनमध्ये. फोनो लिहिलेल्या सॉकेटमध्ये लावू नका. ते रेकॉर्ड प्लेअरच्या बारीक सिग्नलसाठी असतं, तिथे आवाज फाटतो.

इथेही एक गोष्ट आधी बघून घ्या. हल्ली मिळणाऱ्या छोट्या डॅक-अॅम्पपैकी पुष्कळांना यूएसबी आणि ऑप्टिकल एवढंच असतं, अॅनालॉग इनपुट नसतो. असा अॅम्प एसएसीडी प्लेअरच्या कामाचा नाही, तो कितीही नावाजलेला असो. उलट बाजूही तपासा. सोनीचा यूबीपी-एक्स८०० हा ब्लू-रे प्लेअर एसएसीडी वाजवतो आणि टीव्ही-रिसीव्हरच्या जोडीला चांगला आहे, पण त्याला अॅनालॉग आउटपुटच नाही. फक्त हेडफोनवर ऐकणाऱ्याला आम्ही तो देत नाही. ओप्पोचे प्लेअर सगळ्या प्रकारच्या डिस्क वाजवायचे आणि त्यांच्या वरच्या मॉडेलला हेडफोनचा जॅकही होता, पण कंपनीने २०१८ साली हे उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. आता ते जुन्या बाजारातच मिळतात. निव्वळ संगीतासाठी डेनॉन, मरांट्झ आणि यामाहा यांचे दोन चॅनेलचे एसएसीडी प्लेअर आम्हाला जास्त योग्य वाटतात. चित्राचा खर्च नाही, सगळं लक्ष आवाजावर.

"प्लेअरवरच हेडफोनचा जॅक आहे, मग अॅम्प कशाला?" हाही रोजचा प्रश्न. उत्तर तुमच्या हेडफोनवर अवलंबून आहे. सेनहायझरचे एचडी ६०० किंवा एचडी ६५० हे ३०० ओहमचे (ओहम म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचं माप). त्यांना जास्त व्होल्टेज लागतं, आणि कमजोर जॅकवर ते मेलेले वाटतात. ग्रॅडोचे ३२ ओहमचे आणि ऑडिओ-टेक्निकाचा ३८ ओहमचा एम५०एक्स मोबाइललाही मोठा आवाज देतात, मात्र त्यांच्यासाठी जॅकचा स्वतःचा ओहम कमी हवा. कामचलाऊ हिशोब असा की जॅकचा ओहम हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा जास्त नको. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपर्यंतचा जॅक चालेल. जुन्या उपकरणांत १२० ओहमच्या आसपासचा जॅकही सापडतो, कारण एका आंतरराष्ट्रीय मानकातच एकेकाळी १२० ओहमची शिफारस होती. ज्या हेडफोनचा ओहम वेगवेगळ्या स्वरांना वेगवेगळा असतो, त्यांचा आवाज तिथे बदलतो. खालचे स्वर फुगतात आणि तबल्याचा बायाँ पसरट लागतो. मरांट्झच्या एसए८००५ सारख्या प्लेअरचा जॅक कामाचा आहे, बऱ्याच ग्राहकांना तेवढ्यावर भागतं. तुमचंही भागत असेल तर अॅम्प विकण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही.

ब्लूटूथ हेडफोनसाठी मात्र एसएसीडी प्लेअर घेऊ नका. डीएसडीचे दोन चॅनेल सेकंदाला ५६ लाख बिट्सपेक्षा जास्त देतात, साधी सीडी १४ लाखांवर देते, आणि ब्लूटूथवरच्या चांगल्या पद्धतींपैकी एलडॅक जास्तीत जास्त ९ लाख ९० हजारांवर थांबते. बाकी सगळं वाटेतच गळतं. त्या पैशांत चांगला वायरचा हेडफोन येतो.

मल्टिचॅनेलची सेटिंग

बऱ्याच एसएसीडींवर दोन चॅनेलचा आणि पाच किंवा सहा चॅनेलचा असे दोन वेगळे भाग असतात. सहा चॅनेलच्या आउटपुटचा प्लेअर असेल, तो मल्टिचॅनेलवर राहिला असेल आणि तुम्ही त्याच्या फक्त पुढच्या डाव्या-उजव्या सॉकेटमधून हेडफोन अॅम्पकडे वायर नेली असेल, तर मधल्या चॅनेलमधला गायकच गायब होतो. वाद्यं स्पष्ट, गाणारा दूर कुठेतरी. असाही प्लेअर आमच्याकडे दुरुस्तीला आला आहे. सेटअपमध्ये जाऊन एसएसीडी दोन चॅनेलवर ठेवा आणि प्राधान्य सीडीऐवजी एसएसीडीला द्या. हे एकदाच करायचं असतं. डिस्क घातल्यावर डिस्प्लेवर एसएसीडी ही अक्षरं दिसतात का, हे बघायची सवय लावून घ्या.

डिस्क घेतानाही जरा लक्ष द्या. सगळ्या एसएसीडी हायब्रिड नसतात. जपानहून येणाऱ्या काही एकाच थराच्या असतात आणि गाडीतल्या सीडी प्लेअरवर त्या मुळीच वाजत नाहीत. याउलट एसएचएम-सीडी आणि यूएचक्यूसीडी ही नावं मोठी असली तरी त्या १६ बिटच्या सीडीच आहेत, त्यांना एसएसीडी प्लेअर लागत नाही. एसएसीडीला ब्लू-रेसारखा प्रादेशिक कोड नसतो, परदेशातून मागवलेली बिनधास्त लावा.

फरक खरंच ऐकू येतो का, असं लोक विचारतात. २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरॅन यांचा एक प्रयोग छापून आला. उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज वाटेत सीडीच्या दर्जातून नेला, तर नेहमीच्या आवाजपातळीवर ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. पण याच दोघांनी असंही नोंदवलं की या डिस्क बहुतेक वेळा जास्त चांगल्या वाजतात, कारण त्या बनवताना मास्टरिंग, म्हणजे रेकॉर्डिंगवरचं शेवटचं काम, काळजीने केलेलं असतं. आमचाही अनुभव तसाच आहे. केवळ आकड्यासाठी प्लेअर घेऊ नका. तुमच्या आवडीच्या संगीताचं चांगलं मास्टरिंग एसएसीडीवर असेल, तर तो दर वेळी ऐकताना वसूल होतो. पाश्चात्य शास्त्रीय आणि जॅझ ऐकणाऱ्यांना निवड भरपूर आहे. आपल्या रागसंगीतात एसएसीडी थोड्या आहेत, हेही आधीच सांगतो. पण चांगला प्लेअर तुमच्या घरातल्या सगळ्या सीडीही वाजवणारच आहे.

दुकानात ऐकून बघण्यासाठी आम्ही तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवलं आहे. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या भागातल्या कानांना जवारी, म्हणजे तारेचा झंकार, ओळखीची आहे. घोडीवर तारेखाली सूत सरकवत कारागीर जो झंकार जुळवतो, तोच यंत्राची खरी परीक्षा घेतो. चांगल्या जोडणीत चारही तारा वेगळ्या कळतात आणि एक झंकार विरायच्या आत दुसरा त्यात मिसळताना ऐकू येतो. खराब जोडणीत नुसती गुणगुण उरते. तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण मोठा आवाज नेहमीच चांगला भासतो, आणि एकाच डिस्कच्या दोन थरांची पातळीही सारखी असेलच असं नाही. एकदा मिरजेचे एक तानपुरा बनवणारे कारागीर आमच्याकडे आले होते. जवारी नीट उघडलेली नाही, हे त्यांनी हेडफोनवर पंधरा सेकंदांत सांगितलं. प्लेअरबद्दल नव्हे, रेकॉर्डिंगमधल्या तानपुऱ्याबद्दल.

जुना प्लेअर बाहेरून आणणार असाल तर मागची पट्टी वाचा. जपानमधले प्लेअर १०० व्होल्टचे असतात, अमेरिकेतले १२० चे. आपल्या २३० व्होल्टवर सरळ लावले तर फ्यूज जातो, कधी ट्रान्सफॉर्मरही जळतो. नातेवाइकांनी प्रेमाने आणलेला प्लेअर पहिल्याच संध्याकाळी बंद पडलेला आम्ही पाहिला आहे. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो आमच्याकडे मिळतो, प्लेअर आमच्याकडून घेतलेला नसला तरी. दुसरं म्हणजे, जुन्या प्लेअरमध्ये सीडी वाजते आणि एसएसीडी वाचली जात नाही असं होऊ शकतं, कारण दोन्हींचे लेझर वेगळे असतात. म्हणून विकणाऱ्याकडे जाताना दोन्ही डिस्क बरोबर न्या आणि एसएसीडी शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवून बघा.

आमचे भाव ऑनलाइनपेक्षा थोडे जास्त आहेत आणि माल हातात पडायला दोन-तीन दिवस जास्त लागतात. त्या दिवसांत आम्ही खोकं उघडतो, दोन्ही थर वाजवून बघतो, सेटिंग दोन चॅनेलवर करून ठेवतो आणि आरसीए वायर बरोबर देतो. घरी येऊन तपासणीचे ३०० रुपये घेतो. आमच्याकडून घेतलेल्या प्लेअरला पहिल्या वर्षी ते पडत नाहीत, कारण ऑप्टिकल वायर निघाली तरी ती चूक आमचीही धरतो.

येताना तुमचा हेडफोन आणि रोज ऐकता ती एक डिस्क आणा. घरचा अॅम्प असेल तर त्याच्या मागच्या सॉकेटांचा मोबाइलवर फोटो काढून आणा. निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या फोटोतच मिळतात. दुपारी तीननंतर गर्दी कमी असते, तेव्हा निवांत बसून ऐकता येतं.