वापरलेली सुई कोणाला टोचते?

वापरलेल्या इंजेक्शनच्या सुईवर पुन्हा टोपण बसवताना नेमके काय घडते, हे एकदा सावकाश पाहण्यासारखे आहे. एका हातात सिरिंज, दुसऱ्या हाताच्या चिमटीत टोपण, आणि दोन्ही हात एकमेकांच्या दिशेने येत असतात. टोपणाचे तोंड जेमतेम काही मिलिमीटरचे असते. तेवढ्यात कोणी हाक मारली किंवा रुग्णाने हात हलवला, की सुई टोपणाच्या कडेवरून घसरते आणि ते धरलेल्या बोटात शिरते. म्हणूनच वापरलेल्या सुईला टोपण लावू नये, ती तशीच टणक डब्यात टाकावी, असा नियम झाला. आणि अगदीच अपरिहार्य असेल तेव्हा टोपण सपाट जागी ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवावी, दुसरा हात जवळ आणूच नये, असे शिकवले जाते.

रक्तावाटे पसरणाऱ्या आजारांमध्ये कामाच्या ठिकाणी मुख्यतः तीन विषाणूंची भीती असते: यकृताला सूज आणणारे हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी, आणि एड्सला कारण ठरणारा एचआयव्ही. लोकांच्या मनात यांपैकी सर्वांत मोठी धास्ती एचआयव्हीची असते, पण आकडे वेगळेच सांगतात. एचआयव्हीबाधित रक्त लागलेली सुई टोचल्यास संसर्ग होण्याचे प्रमाण सरासरी हजारात तीनच्या आसपास आहे. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत पूर्वी ते शंभरात सुमारे 1.8 मानले जाई, अलीकडच्या अभ्यासांत ते त्याहून बरेच कमी आढळले आहे. हिपॅटायटिस बीचे प्रमाण मात्र, लस न घेतलेल्या व्यक्तीसाठी, शंभरात 6 ते 30 इतके आहे. या विषाणूची बाधित रक्तातली संख्या प्रचंड असते, आणि वाळलेल्या रक्तातही, खोलीच्या सामान्य तापमानाला, तो किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. त्यामुळे डोळ्यांना जेमतेम दिसणारा वाळका डागही निरुपद्रवी मानता येत नाही.

सगळ्या सुया सारख्या धोक्याच्या नसतात. शिरेतून रक्त काढण्याची सुई आतून पोकळ असल्याने तिच्यात रक्त साठून राहते, तर टाके घालण्याची सुई भरीव असल्यामुळे तिच्यावर फक्त बाहेरून रक्त चिकटते. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुई टोचून एचआयव्हीची बाधा झालेल्या आणि न झालेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची तुलना केली गेली. जखम खोल असणे, उपकरणावर रक्त दिसत असणे, सुई थेट शिरेत किंवा धमनीत वापरलेली असणे आणि रुग्णाचा आजार अखेरच्या टप्प्यात असणे, या चार गोष्टींनी धोका वाढत होता. म्हणजे शेवटी प्रश्न किती विषाणू आत गेले याचाच होता. हातमोज्याचा उपयोगही याच हिशेबाने समजून घ्यावा लागतो. मोजा सुईला अडवत नाही, पण त्यातून आरपार जाताना सुईवरचे बरेचसे रक्त बाहेरच पुसले जाते.

रक्त कोणाचे बाधित आणि कोणाचे नाही हे चेहऱ्यावरून कळत नाही, आणि बऱ्याचदा खुद्द रुग्णालाही ते माहीत नसते. या साध्या वस्तुस्थितीतून 1980च्या दशकात, एचआयव्हीची साथ पसरत असताना, अमेरिकेतल्या रोग नियंत्रण केंद्राने प्रत्येकाचे रक्त बाधितच आहे असे धरून काम करण्याचे तत्त्व पुढे आणले. त्याचा आणखी एक लाभ झाला, त्याची चर्चा कमी होते. सर्वांसाठी एकच खबरदारी असली की एखाद्या बाधित रुग्णाला वेगळे पाडण्याचे, त्याच्या खाटेवर पाटी लावण्याचे कारणच उरत नाही.

1991च्या अखेरीस अमेरिकेत या विषयावर कामगार सुरक्षेचा स्वतंत्र नियम आला. ज्यांचा रक्ताशी संबंध येऊ शकतो अशा कामगारांना हिपॅटायटिस बीची लस विनामूल्य देऊ करणे, सुया टाकण्यासाठी सुईने भोक न पडणारे डबे ठेवणे, दरवर्षी प्रशिक्षण देणे आणि सुई टोचल्यास तपासणी व उपचार मालकाच्या खर्चाने करणे, ही जबाबदारी त्याने मालकावर टाकली. लसीकरणाचा परिणाम तर फारच स्पष्ट आहे. 1983 मध्ये अमेरिकेत आरोग्य कर्मचाऱ्यांना होणारे हिपॅटायटिस बीचे संसर्ग वर्षाला 10,000 हून अधिक असल्याचा अंदाज होता. वीस-एक वर्षांत तो आकडा काही शेकड्यांवर आला. लसीच्या सामान्यतः तीन मात्रा, पहिली, एका महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी, अशा दिल्या जातात. शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची, तपासणी करून घेणे महत्त्वाचे, कारण काही जणांच्या शरीरात लसीचा पुरेसा प्रतिसाद उमटत नाही आणि सुई टोचल्यानंतर अशांवरचे उपचार वेगळे असतात.

लसीने एक विषाणू आवरला, पण सुई टोचणे काही थांबले नाही. इथे माझे मत स्पष्ट आहे: ‘जपून काम करा’ ही सूचना सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुबळी आहे. रात्रपाळीच्या सहाव्या तासाला, एका परिचारिकेकडे दुप्पट रुग्ण असताना, सावधपणा टिकेलच असे गृहीत धरून व्यवस्था उभारता येत नाही. तोंडाने घेण्याचे औषध चालत असेल तर इंजेक्शनच न देणे, सलाइनच्या नळीला सुईविना जोडणारी जोडणी वापरणे, वापर होताच सुई आपोआप आत ओढली जाईल किंवा झाकली जाईल अशी सिरिंज पुरवणे, हे उपाय हाताच्या चपळाईवर अवलंबून नसतात. शस्त्रक्रियेत स्नायूंचे टाके बोथट टोकाच्या सुईने घातले तर हातमोजे फाटण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी होते, असे एकत्रित अभ्यासांत आढळले आहे. अमेरिकेत 2000 साली सुरक्षित सुयांचा कायदा झाला आणि त्यात एक शहाणपणाची अट होती: कोणते उपकरण घ्यायचे हे ठरवताना ते प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचे मत घेतले पाहिजे. त्यानंतर तिथल्या रुग्णालयांतील अशा जखमांत सुमारे 38 टक्के घट नोंदवली गेली.

डब्याची जागासुद्धा क्षुल्लक बाब नव्हे. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर उघडी सुई हातात घेऊन तेवढे अंतर चालावे लागते, किंवा ती क्षणभर ट्रेमध्ये ठेवली जाते आणि तिथेच राहते. डबा काठोकाठ भरला की वरची सुई दाबून आत ढकलावी लागते, म्हणून तो तीन-चतुर्थांश भरताच बंद करून बदलायचा असतो. ट्रेमध्ये किंवा चादरीच्या घडीत राहून गेलेली सुई पुढे टोचते ती ज्याने ती कधी वापरलीच नाही अशा माणसाला: कपडे गोळा करणाऱ्याला, कचऱ्याची पिशवी उचलताना ती मांडीला घासणाऱ्या सफाई कामगाराला. अशा वेळी सुई कोणत्या रुग्णाची हेही कळत नाही. हे कामगार पुष्कळदा कंत्राटी असतात, आणि लस व प्रशिक्षणाच्या यादीत त्यांची नावे सर्वांत शेवटी येतात किंवा येतच नाहीत.

सुई टोचलीच तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. बोट पिळू नये, तोंडाने रक्त ओढू नये, जखमेवर ब्लीच ओतू नये. डोळ्यात रक्त उडाले तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे. मग लगेच कळवावे, कारण एचआयव्हीप्रतिबंधक औषधे जितकी लवकर, शक्यतो काही तासांत, सुरू होतील तितकी उपयोगी पडतात. 72 तासांनंतर त्यांचा भरवसा राहत नाही, आणि ती 28 दिवस घ्यावी लागतात. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्यांना लस आणि तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते. हिपॅटायटिस सीसाठी लस नाही, मात्र वेळेवर तपासण्या होत राहिल्या तर संसर्ग पकडता येतो, आणि आजच्या औषधांनी तो 95 टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो. यातले काहीही ती घटना कळवल्याशिवाय सुरू होत नाही, आणि न कळवण्याची कारणे सगळीकडे सारखीच असतात: वरिष्ठ रागावतील, अर्ज भरायला वेळ नाही, जखम तर एवढीशी आहे. नोंदवहीत कर्मचाऱ्याचे नाव गोपनीय ठेवून सुईचा प्रकार, विभाग आणि घटना कशी घडली एवढे लिहिले, तरी कुठला डबा हलवायचा आणि कुठली सुई बदलायची हे ठरवायला ते पुरते.