जुनंच उठलं का नवं घुसलं?

आमच्या गल्लीत जेकार्डचं, म्हणजे चादरीवर नक्षी विणणाऱ्या मागाचं, काम करणारे एक काका आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांना टीबी झाला, सहा महिने गोळ्या खाऊन बरे झाले, आणि यंदा थुंकी पुन्हा पॉझिटिव्ह. मी मायक्रोबायॉलॉजी शिकवतो हे ठाऊक असल्यानं त्यांनी थेट विचारलं, "सर, जुनंच परत उठलंय का नवं घुसलंय? कळतंय का तुमच्या लॅबमधे?"

जुनाच जंतू असेल तर तो औषधाला पुरून उरला. नवा असेल तर शेडमधे किंवा घरात कुणीतरी खोकतंय. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच, निळ्यावर लाल काड्या. सीबीनॅट मशीन दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का एवढं सांगतं. जंतूचं घराणं सांगत नाही. त्यासाठी डीएनएचा ठसा घ्यावा लागतो.

पहिली अडचण म्हणजे हा जंतू भलता आळशी. आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, हा अठरा ते चोवीस तास घेतो. फेटलेली अंडी आणि मॅलाकाइट ग्रीन घातलेल्या हिरवट माध्यमावर, बाटली तिरपी ठेवून तो पेरायचा आणि वाट बघायची. तीन ते आठ आठवड्यांनी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे खडबडीत, पिवळसर ठिपके उगवतात. ते खरवडून 80 अंशांवर 20 मिनिटं तापवले की जंतू मरतो. मग त्याचं मेणचट कवच फोडून डीएनए बाहेर काढायचा.

या डीएनएत सुमारे 44 लाख अक्षरं. त्यात आयएस-6110 नावाचं 1355 अक्षरांचं एक ठिगळ असतं, जे जागा बदलतं आणि स्वतःच्या प्रतीही काढतं. कुणात एक, कुणात वीस-पंचवीस. पीव्हीयू-टू हे एन्झाइम कात्रीसारखं ठरावीक जागीच कापतं. तुकडे विजेच्या जोरावर जेलमधून रात्रभर पळवायचे, म्हणजे लहान-मोठे वेगळे होतात, मग नायलॉनच्या पडद्यावर उतरवायचे आणि फक्त ठिगळाला चिकटणारा शोधक सोडायचा. फिल्मवर एका ठिगळामागे एक पट्टा उमटतो. 1993 साली जगभरच्या प्रयोगशाळांनी ही पद्धत एकसारखी करायचं ठरवलं, म्हणून इथली फिल्म तिथल्या फिल्मशेजारी ठेवता येऊ लागली.

काकांच्या प्रश्नाला याच पद्धतीनं एकदा धक्कादायक उत्तर दिलं होतं. केपटाउनजवळ, बरे होऊन पुन्हा आजारी पडलेल्या 16 रुग्णांचे जुने-नवे ठसे ताडून पाहिले, तर 12 जणांचे पट्टे जुळेनात. आजार नव्यानं लागला होता. हा अभ्यास 1999 सालचा. तोवर बहुतेक डॉक्टर जुनाच जंतू उठला असं धरून चालत.

आपल्याकडे मात्र ही पद्धत अडखळते. दक्षिण भारतातल्या कित्येक जंतूंत ठिगळ एकच, काहींत तर एकही नाही. एका पट्ट्यावरून ओळख कशी पटवणार?

मग दुसरी पद्धत आली, स्पोलिगोटायपिंग, 1997 सालची. हे काकांना समजावणं सोपं गेलं, कारण ते आयुष्यभर तेच करत आलेत. जेकार्डच्या पुठ्ठ्यात भोक असेल तिथं ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही. भोकं बदलली की चादरीवरचं फूल बदलतं. जंतूच्या डीएनएतही एका ठरावीक भागात 43 जागा तपासतात. तुकडा असेल तर काळा ठिपका, नसेल तर कोरी जागा. बीजिंग घराण्याच्या जंतूत पहिल्या 34 जागा कोऱ्या, शेवटच्या नऊ भरलेल्या. कार्ड बघताक्षणी ओळखू येतं. (जनुकं कापायच्या ज्या क्रिस्पर तंत्राचा एवढा गाजावाजा होतो, त्याचं नाव डीएनएतल्या याच प्रकारच्या भागावरून आलं.) जंतू वाढवायचीही गरज नाही, डीएनएच्या भरपूर प्रती काढणाऱ्या पीसीआरमुळे थोडक्या डीएनएवर भागतं.

"पण सर, एकाच डिझाइनच्या चादरी दहा कारखान्यांत निघतात," काका म्हणाले. नेमकी हीच उणीव. म्हणून पुढे 24 जागांवरचे पुनरावृत्त तुकडे मोजून आकड्यांची ओळ बनवू लागले, आणि आता तर सगळी 44 लाख अक्षरंच वाचतात. हा जंतू साधारण दोन वर्षांत एखादं अक्षर बदलतो. दोघांच्या जंतूंत पाचपर्यंत फरक असेल तर लागण अलीकडची असावी, बारापेक्षा जास्त असेल तर एकाकडून दुसऱ्याला थेट गेलेला नाही, असा ढोबळ हिशेब.

ठशांनी प्रयोगशाळांचीही चोरी पकडली आहे. एका दिवशी तपासलेल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन रुग्णांचा ठसा हुबेहूब निघाला, की आधी संशय नमुने उचलायच्या पिपेटवर घ्यायचा, एकाचा नमुना दुसऱ्यात मिसळला असेल म्हणून.

काकांचं पुढं काय झालं? ताजा नमुना वाढवता आला असता. सहा वर्षांपूर्वीची थुंकी मात्र काचपट्टीवर रंगवून, बघून टाकून दिलेली. तेव्हा ती वाढवली नव्हती, जपली तर नव्हतीच. ताडून बघायला जुनं कार्डच नाही. मी तसं सांगितलं, तर ते गोळ्यांचं पाकीट खिशात घालत एवढंच म्हणाले, "मग शेडमधल्या पोरांना तरी तपासून घ्या म्हणतो."