दिएंगच्या बटाट्यांवर बर्फ कुठून येतो?

जुलै लागला की एक संदेश फोनवर फिरायला लागतो. पृथ्वी सूर्यापासून लांब गेली आहे, एरवीचं अंतर 9 कोटी किलोमीटर, आता 15.2 कोटी, ऑगस्टपर्यंत थंडी वाढणार, तब्येत सांभाळा. आपल्याकडे तो फिरतो तसा इंडोनेशियातही फिरतो. तिथे तर जोडायला फोटोही असतात: मध्य जावातल्या दिएंग पठारावर पांढरं झालेलं गवत, बटाट्याच्या पानांवर साखरेसारखे बर्फाचे कण. जागा विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम 7 अंशांवर.

संदेशाचा निकाल दोन ओळींत लागतो. सूर्य जानेवारीत साधारण 14.7 कोटी किलोमीटरवर असतो आणि जुलैत 15.2 कोटींवर. 9 कोटी हा आकडा बहुधा मैलांतला, पुढे किलोमीटर चिकटवलेला. फरकामुळे जुलैतलं ऊन जानेवारीपेक्षा सुमारे 7 टक्क्यांनी कमी, आणि तेही अख्ख्या पृथ्वीवर. त्याने बर्फ होत असता तर जकार्तातही झाला असता. तिथल्या हवामान खात्यानेही, म्हणजे बीएमकेजीने, हा दावा खोडून काढलेला आहे.

मग दिएंगलाच का? त्यासाठी आधी गाव कसं वसलंय ते बघू.

दिएंग समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 मीटरवर, ज्वालामुखींच्या घोळक्यात आहे. पठार म्हणतात, पण आकार परातीचा: मधे सपाट जमीन, कडेने डोंगर, त्यातला प्राऊ अडीच हजार मीटरहून उंच. वस्तीतून दोन जिल्ह्यांची हद्द जाते. दिएंग कुलोन बंजारनगारा जिल्ह्यात, दिएंग वेतान वोनोसोबोत. सपाट भागात आठव्या शतकाच्या आसपासची छोटी दगडी शिवमंदिरं आहेत. अर्जुन, पुंतदेव, श्रीकांडी, सेंबद्रा ही नावं त्यांना फार नंतर मिळाली, जावाच्या वायांग या छायाबाहुल्यांच्या खेळाच्या परंपरेतून. भोवती बटाटा. गेल्या चाळीसेक वर्षांत ग्रॅनोला जातीच्या बटाट्याने उतारच्या उतार व्यापले. सरी बहुतेक ठिकाणी उतारावरून सरळ खाली काढलेली असते, कारण पाणी साचलं की कंद कुजतो. याची किंमत सेरायू नदी भरते, पावसाळ्यात गाळाने.

उंचीचा हिशोब सोपा आहे. दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंश उतरतात, म्हणजे किनाऱ्यावर सरासरी 27 असेल तर इथे 14. चौदा अंशांवरून शून्याखाली जायला मात्र रात्रीला आणखी काहीतरी करावं लागतं.

कोणतीही वस्तू सतत अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, किरणांतून उष्णता बाहेर टाकते. 5 अंशांवरचं पान दर चौरस मीटरला सुमारे 340 वॅट टाकतं. आकाशही काही परत देतं, आणि ते बहुतांशी हवेतल्या वाफेकडून आणि ढगांकडून येतं. वाफ ही पृथ्वीची रात्रीची गोधडी, आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग दोन किलोमीटरच्या खालीच असतो. दिएंग नेमकं तिच्या वर. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियात हिवाळा, तिकडून कोरडे आग्नेय वारे येतात, ढग नाहीत. अशा रात्री पानाचा निव्वळ तोटा 70 ते 100 वॅटपर्यंत जातो, आणि रात्र बारा तासांहून जरा मोठीच.

आता खरी गंमत दवबिंदूची, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन जमायला लागते त्याची. पान थंड होत हवेच्या दवबिंदूपर्यंत आलं की त्यावर वाफ जमते, आणि एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे 2,500 किलोज्यूल उष्णता सुटते. ही उष्णता पानालाच मिळते आणि घसरणीला खीळ बसते. म्हणून दमट रात्री, दवबिंदू समजा 8 अंश असेल, तर तापमान सात-आठच्या आसपास रेंगाळतं. हवा कोरडी असून दवबिंदू उणे 1 असेल तर शून्याच्या खाली जाईपर्यंत अडवायला कोणी नाही. मग वाफेचं थेट हिम होतं. म्हणजे बर्फ पडायला हवेत पाणी जास्त लागत नाही, उलट कमीच असावं लागतं. ‘खूप दव पडलं आणि ते गोठलं’ हे नेहमीचं स्पष्टीकरण त्यामुळे अर्धवट आहे.

आणखी एक गोष्ट. उतारावरची थंड हवा जड होऊन परातीच्या तळाशी जमते. वारा नसेल तर वरच्या उबदार हवेत मिसळत नाही. म्हणून मंदिरांजवळचं सपाट शेत पांढरं होतं आणि चाळीस-पन्नास मीटर वरचं हिरवं राहू शकतं. हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर, पेटीत असतो. तो 3 अंश दाखवत असताना गवत उणे 2 वर असू शकतं. महाबळेश्वरला वेधशाळा सहा-आठ अंश सांगते आणि वेण्णा लेकवर मोटारींच्या टपांवर हिमकण दिसतात, तेही याच कारणाने. पातळ पत्र्याला जमिनीची ऊब मिळत नाही.

तळाशी साचण्याचा हाच गुण दिएंगला जीवावरही बेतला आहे. 20 फेब्रुवारी 1979 ला पहाटे सिनिला विवराचा स्फोट झाला, माणसं पळाली आणि खोलगट वाटेवर जमिनीतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडली. हा वायू हवेच्या दीडपट जड. 140 हून अधिक माणसं गेली.

गावकरी या हिमाला ‘एम्बुन उपास’ म्हणतात, विषारी दव. विष त्यात काही नसतं. पानातल्या पेशींच्या मधल्या जागेत आधी बर्फ होतो, तो पेशींतलं पाणी ओढून घेतो, आवरणं फाटतात. ऊन आलं की पान आधी भिजल्यासारखं गडद दिसतं आणि दुपारपर्यंत काळं पडतं. महिन्या-दीड महिन्याच्या कोवळ्या रोपाला फटका सर्वाधिक. काढणीला आलेल्या पिकात मातीखालचा कंद बहुधा वाचतो.    

उपाय म्हणून शेतकरी जाळी किंवा प्लास्टिक अंथरतात. ते पानाला टेकू देऊ नये, नाहीतर टेकलेला भाग आधी गोठतो. संध्याकाळी अंथरून सकाळी काढायचं. दुसरा उपाय रात्रभर पाणी फवारत राहण्याचा. एक लिटर पाणी गोठताना 334 किलोज्यूल देतं, म्हणजे 80 वॅटचा तोटा भरायला चौरस मीटरला तासाला सुमारे 0.9 लिटर लागेल, हेक्टरला 9,000 लिटर, वारा असेल तर दुपटी-तिपटीने. पंप मध्यरात्री बंद पडला तर गंमत उलटते: ओलं पान सुकताना प्रत्येक लिटरमागे 2,500 किलोज्यूल पानातूनच ओढली जाते, आणि न भिजवलेल्या शेतापेक्षा भिजवलेल्याचं नुकसान जास्त होतं. सुरू केलं की बर्फ वितळेपर्यंत थांबायचं नाही. दिएंगला बरेच शेतकरी फक्त पहाटे पाणी मारून हिम धुतात. धुवायच्या आधीच पेशी फाटल्या असतील तर त्याने फारसं साधत नाही.

निफाडकडच्या द्राक्षबागांत थंडीत पेटवतात त्या शेकोट्यांनाही हाच उष्णतेचा हिशोब लागू होतो. उपयोग आगीच्या उष्णतेचा. धुराचे कण अवरक्त किरणांच्या 10 मायक्रोमीटर लांबीपुढे फार बारीक असतात, त्या किरणांना ते अडवत नाहीत. ओली लाकडं पेटवून नुसता धूर काढण्यापेक्षा कोरड्या लाकडांच्या लहान लहान शेकोट्या, ओळींमधे विखरून, जास्त कामाच्या. आणि लावायची की नाही हे ठरवायला संध्याकाळचं तापमान पुरत नाही. दवबिंदू, ढग आणि वारा, तिन्ही बघावे लागतात.