भूप की देशकार? मुक्काम ऐका

सा, रे, ग, प, ध. सगळे शुद्ध, म आणि नी वर्ज्य, म्हणजे घ्यायचेच नाहीत. एवढं सांगून राग विचारला तर दहातले नऊ जण भूप म्हणतील. देशकाराचेही सूर नेमके हेच पाच आहेत. पेटीवर दोन्हींच्या पट्ट्या एकच, तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरातला आणि देशकार सकाळचा. (नावावरून वेळ लावायला जाऊ नका. आपल्याकडे पहाटे म्हणतात ती भूपाळी, पण राग भूप रात्रीचा.)

रागांचे थाट म्हणजे गट पाडताना संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात घातला आणि देशकार बिलावल थाटात. गंमत अशी की या दोन थाटांत फरक फक्त मध्यमाचा, तीव्र की शुद्ध एवढाच, आणि हे दोन्ही राग तर मध्यम घेतच नाहीत. म्हणजे ही वाटणी सुरांची यादी पाहून झालेली नाही, चलन, म्हणजे राग कसा चालतो ते, पाहून झालेली आहे. ऐकणाऱ्यालाही तोच रस्ता आहे.

भूपाचं घर गंधारात. वादी (मुख्य सूर) ग, संवादी (त्याच्या जोडीचा) ध. गायक सुरुवातीलाच खाली उतरतो: सा, मंद्र (खालच्या सप्तकातला) ध, सा, रे ग. तिथे थांबतो. मग प ग, रे ग, ध प ग. कुठूनही निघाला तरी पाय गंधाराकडे वळतात. रिषभालाही इथे मान आहे. ‘ग रे, प ग, रे सा’ यात तो नुसती पायरी नाही, त्यावर क्षणभर टेकता येतं. आलापाची बरीच बढत मंद्र आणि मध्य सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात होते, म्हणून भूप पूर्वांगप्रधान, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यावर भर देणारा.

देशकारात वादी-संवादी उलटे: वादी ध, संवादी ग. पहिल्या दोन-तीन आलापांतच गायक धैवतावर पोचलेला असतो. ग प ध, प. सां (वरचा सा), ध, प. ग प ध सां, ध, प. धैवत ठळक लागतो, त्याला लागून पंचमावर विसावा येतो. रिषभ अगदी दुबळा: चढताना बहुधा वगळतात (सा ग प ध), उतरताना ‘ग रे सा’ असा चटकन ओलांडतात. देशकार गाणारा खालच्या भागात रेंगाळत नाही, कारण रे आणि ग यांच्यात थोडा जरी घुटमळला तरी भूप दिसू लागतो. तारसप्तकातल्या साकडे ओढ असलेला हा उत्तरांगप्रधान, म्हणजे वरच्या अर्ध्यावर भर देणारा राग आहे. देशकाराचा धैवत भूपापेक्षा किंचित चढा असतो असंही काही गवई मानतात. यावर एकमत नाही, आणि नव्या कानाने त्या भरवशावर राहू नये.

आता करून बघायचं. वीस मिनिटांहून लांब, विलंबित (संथ लयीच्या) ख्यालाचं ध्वनिमुद्रण घ्या. नाव दिसणार नाही अशा बेताने फोन उपडा ठेवा. आधी तंबोऱ्याच्या जोडाच्या (सा ला लावलेल्या मधल्या दोन) तारांबरोबर तोंड मिटून गुणगुणा आणि सा पक्का करा. मग कागदावर ग, प, ध असे तीन रकाने पाडा. गायक जिथे श्वास सोडून थांबतो, त्या सुराखाली रेघ मारा. पहिले पंधरा मुक्काम पुरेत. रेघा ग खाली साचल्या तर भूप, ध आणि प खाली साचल्या तर देशकार. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कुठला सूर येतो तेही लिहून ठेवा, पण निकाल त्यावर देऊ नका. बंदिशीगणिक तो बदलतो.

सा चुकला तर सगळंच चुकतं, आणि फसगत मोठी गोड असते. भूपाच्या पंचमाला सा धरलात तर तेच पाच सूर सा रे म प ध होतात आणि समोर दुर्गा राग उभा राहतो. रिषभाला सा धरलात तर मेघ रागाचे सूर, धैवताला धरलात तर धानी रागाचे. तंबोरा पंचमावर लावलेला असल्यामुळे पहिल्या तारेचा प कानात आधी बसतो. दुर्गाचा भास नव्या श्रोत्याला होतो तो बहुतेक इथूनच. शंका आली तर गायक आलाप मिटवून कुठे टेकतो ते पाहा. तोच सा.

दुसरी चूक साधनाची. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य सा साधारण १३९ हर्ट्झचा असतो, मंद्र ध ११६ च्या आसपास. फोनच्या छोट्या स्पीकरमधून दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं बाहेर पडत नाही. सूर ओळखता येतो, कारण त्याच्या वरच्या स्वरांशांवरून कान तो जुळवून घेतो. पण मंद्रातलं वजन जातं, आणि भूपाची मोठी खूण तिथेच असते. साधे वायरवाले हेडफोनही चालतील.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र ध्वनिमुद्रण पुढे सरकवून मधूनच ऐकण्याने होतं. द्रुत (जलद) तानेत ‘सा रे ग प ध सां’ सरळ चढलं की भूप आणि देशकार वेगळे करणं जाणत्यालाही अवघड, कारण मुक्कामच उरत नाहीत. किशोरी आमोणकरांचा भूप लोक ‘सहेला रे’ पासून लावतात. त्याआधीचं विलंबित ‘प्रथम सूर साधे’ ओलांडून जातात. गंधार आपली जागा धरतो ते त्या विलंबितात.

आणि पंधरा रेघांनी भूप सिद्ध झाल्यावरही एक सूर तपासायचा राहतो. तार सा पासून धैवताकडे येणाऱ्या मींडेत (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यात) निषाद पुसटसा लागतोय का? पंचमाकडून गंधाराकडे येताना तीव्र मध्यमाची सावली पडतेय का? तसं असेल तर आरोह (चढण) भूपाचा आणि अवरोहात (उतरणीत) हे दोन पाहुणे, म्हणजे शुद्ध कल्याण राग. तिथे कागद उलटून पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं.