रोख माफी, उधार अंमलबजावणी: अमेरिकेतील स्थलांतर-तडजोडीची पार्श्वभूमी

अमेरिकेतील स्थलांतराचे कायदे मोडकळीस आले आहेत, हे तिथले दोन्ही प्रमुख पक्ष गेली कित्येक वर्षे मान्य करत आले आहेत. सुधारणा कोणत्या क्रमाने करायची, इथे मात्र दरवेळी घोडे अडते. आधी सरहद्द सुरक्षित करा, आत असलेल्यांचे नंतर पाहू, असे रिपब्लिकन म्हणतात, तर इथेच संसार थाटलेल्या माणसांना आधी कायद्याचे छत्र द्या, असे डेमोक्रॅट म्हणतात. हा वाद वरवर तत्त्वाचा दिसतो, पण त्याचे मूळ १९८६ च्या एका व्यवहारात आहे. तो व्यवहार समजून घेतल्याखेरीज २०१३ मध्ये आणि २०२४ मध्ये नेमके काय फिसकटले, ते उमगत नाही. आणि पुण्या-मुंबईहून रीतसर व्हिसावर गेलेली, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे उभी असलेली मराठी कुटुंबे या वादात का भरडली जातात, तेही कळत नाही.

आधीची थोडी कथा सांगायला हवी. १९२४ च्या कायद्याने ठरवलेली राष्ट्रनिहाय कोट्याची पद्धत १९६५ मध्ये मोडीत निघाली, ती एका तडजोडीनेच. जॉन्सन सरकारला कौशल्य असलेल्यांना प्राधान्य द्यायचे होते. प्रतिनिधिगृहातील संबंधित उपसमितीचे अध्यक्ष मायकेल फीगन यांनी नातेवाइकांना अग्रक्रम देण्याचा आग्रह धरला. नातेवाईक येतील म्हणजे आहेत तशीच, मुख्यतः युरोपीय वंशाची, माणसे येतील, हा त्यामागचा हिशेब होता. प्रत्यक्षात आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील कुटुंबांनी त्याच तरतुदीचा सर्वाधिक उपयोग करून घेतला. दुसरीकडे, मेक्सिकोतून शेतमजूर आणणारा १९४२ पासूनचा ब्रासेरो कार्यक्रम १९६४ च्या अखेरीस बंद झाला आणि १९६८ पासून पश्चिम गोलार्धालाही पहिल्यांदा मर्यादा लागली. मजूर लागत होते, ते येतही होते. फक्त कायदेशीर वाट बुजली होती. त्यात १९५२ च्या कायद्यात एक मोठी पळवाट होती. बेकायदा आलेल्या माणसाला आसरा देणे हा गुन्हा होता, पण त्याला कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे, असे कायद्यातच लिहून ठेवले होते. टेक्सासच्या शेतमालकांच्या हितासाठी घातलेली ही सवलत ‘टेक्सास प्रोव्हायझो’ म्हणून ओळखली जाते, आणि ती जवळजवळ साडेतीन दशके टिकली.

वायोमिंगचे रिपब्लिकन सिनेटर अ‍ॅलन सिम्प्सन आणि केंटकीचे डेमोक्रॅट प्रतिनिधी रोमानो मॅझोली यांनी ही पळवाट बुजवायचा विडा उचलला. त्यांचे विधेयक दोनदा बारगळले आणि अखेर ऑक्टोबर १९८६ मध्ये प्रतिनिधिगृहात २३८ विरुद्ध १७३, तर सिनेटमध्ये ६३ विरुद्ध २४ मतांनी मंजूर झाले. ६ नोव्हेंबर रोजी अध्यक्ष रेगन यांनी त्यावर सही केली. देवाणघेवाण स्पष्ट होती. १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून देशात असलेल्यांना कायदेशीर दर्जा मिळणार होता, शेतमजुरांसाठी त्याहून सैल अटींची वेगळी योजना होती, आणि त्या बदल्यात बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांना यापुढे दंड होणार होता.

पहिला भाग पार पडला. सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले, आणि त्यातून असंख्य कुटुंबांच्या मानेवरची टांगती तलवार गेली; हे यश कमी लेखू नये. दुसरा भाग मात्र पोकळच राहिला. नव्या कामगाराचा ‘आय-९’ अर्ज भरताना मालकाने ओळखीची आणि कामाच्या परवानगीची कागदपत्रे पाहायची, पण ती वरवर खरी वाटत असली की त्याची जबाबदारी संपे. खोलात शिरून चौकशी केली तर भेदभावाचा आरोप येण्याची धास्ती, आणि न शिरावे तर कायद्याचे संरक्षण! उद्योगांना हेच सोयीचे होते, आणि परदेशी दिसणाऱ्या नागरिकांना नोकरी नाकारली जाईल ही नागरी हक्क संघटनांची भीतीही रास्त होती. परिणाम एकच झाला: बनावट कागदांचा बाजार फोफावला. १९८२ नंतर आलेले तर योजनेबाहेरच राहिले होते. शिवाय पुढे लागणाऱ्या कमी कौशल्याच्या मजुरांसाठी पुरेशी कायदेशीर वाट त्या कायद्याने ठेवलीच नाही. २००७ पर्यंत कागदपत्रांविना राहणाऱ्यांची संख्या सव्वा कोटीच्या आसपास गेली.

दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते, तसा हा सौदा ठरला. माफी रोख मिळाली आणि अंमलबजावणी उधारीवर राहिली. ‘आम्ही एकदा फसलो, पुन्हा नाही’ ही रिपब्लिकन मतदारांची भावना तिथून सुरू होते. ती भावना पुढे अनेक नेत्यांनी स्वार्थासाठी भडकवली हे खरे असले, तरी तिच्या मुळाशी एक खरा अनुभव आहे, आणि तो नाकारून कोणतीही नवी तडजोड उभी राहणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

१९९० च्या कायद्याने कायदेशीर स्थलांतराची चौकट आखली आणि आपल्याकडील वाचकांचा संबंध इथे थेट येतो. कुशल परदेशी कर्मचाऱ्यांना ठराविक काळ काम करू देणारा एच-१बी व्हिसा याच कायद्याने आला, वर्षाला ६५,००० च्या मर्यादेसह. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला १,४०,००० ठरली, तीही अर्जदाराची पत्नी किंवा पती आणि मुले धरून. शिवाय कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही. ढोबळमानाने भारताच्या वाट्याला ९,८०० येतात, इतरांकडून काही उरले तर थोडे अधिक. पुढे माहिती-तंत्रज्ञानाची लाट आली आणि रांग लांबतच गेली. आज कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली हे सांगणारे दर महिन्याचे व्हिसा बुलेटिन उघडले की भारताच्या रकान्यात दशकभरापूर्वीच्या तारखा दिसतात. लहानपणी आईवडिलांबरोबर गेलेले मूल २१ वर्षांचे होते, तेव्हा ते आश्रित म्हणून मिळालेला दर्जा गमावते, आणि ज्या गावात शाळा शिकले तिथेच राहण्यासाठी नवा व्हिसा शोधू लागते.

२००७ मध्ये अध्यक्ष बुश आणि सिनेटर मॅककेन व केनेडी एका बाजूला असूनही सर्वंकष विधेयक पडले. चर्चा थांबवून मतदान घेण्यासाठी सिनेटमध्ये ६० मते लागतात. २८ जूनला ४६ मिळाली. उजवीकडून ‘माफी’ म्हणून विरोध झाला आणि डावीकडे कामगार संघटनांना हंगामी मजुरांची योजना नको होती. २०१३ चा प्रयत्न अधिक जवळ पोचला. आठ सिनेटरांच्या गटाने, चार इकडचे आणि चार तिकडचे, विधेयक तयार केले आणि २७ जूनला ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत झाले. सुमारे १ कोटी १० लाख लोकांना नागरिकत्वाचा १३ वर्षांचा मार्ग, सरहद्दीवर जवळपास दुप्पट पहारेकरी, आणि नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा रद्द, असे त्याचे स्वरूप होते. म्हणजे भारतीय अर्जदारांची कोंडी फुटणार होती. त्याच विधेयकात एच-१बीवर फार अवलंबून असलेल्या कंपन्यांवर कडक निर्बंध होते, म्हणून भारतीय आयटी उद्योगाने त्याला आक्षेप घेतला. एकाच विधेयकात कर्मचाऱ्याचे भले आणि कंपनीचे नुकसान होते.

ते प्रतिनिधिगृहात मतदानालाच आले नाही. आपल्या पक्षाच्या बहुसंख्य सदस्यांचा पाठिंबा असल्याशिवाय ते मांडणार नाही, अशी सभापती जॉन बेनर यांची भूमिका होती. जून २०१४ मध्ये बहुमतातील पक्षाचे सभागृह नेते एरिक कँटर पक्षांतर्गत निवडणुकीत हरले. त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने ‘माफी’चाच मुद्दा लावून धरला होता, आणि त्यानंतर ते विधेयक कुणी हातात घेईना.

देशनिहाय मर्यादेचा प्रश्न वेगळा काढून सोडवण्याचा प्रयत्नही झाला. २०१९ मध्ये तसे विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये सिनेटने आपला वेगळा मसुदा संमत केला, पण दोन्हींचा मेळ बसला नाही. एकूण संख्या न वाढवता मर्यादा काढली की इतर देशांच्या अर्जदारांची रांग लांबते, आणि संख्या वाढवायची म्हटले की पुन्हा मूळ भांडण सुरू होते. म्हणून हे भिजत घोंगडे तसेच राहिले.

२०२४ च्या तडजोडीत डेमोक्रॅटांनी प्रथमच नागरिकत्वाची मागणी बाजूला ठेवली. जेम्स लँकफर्ड, क्रिस मर्फी आणि कर्स्टन सिनेमा या तीन सिनेटरांनी महिनोन्‌महिने वाटाघाटी करून आखलेल्या विधेयकात आश्रय मागण्याचे नियम कडक होते, आणि बदल्यात युक्रेनला मदत होती. त्यातच पाच वर्षांसाठी वर्षाला ५०,००० जादा कायमस्वरूपी व्हिसा आणि एच-१बीधारकांच्या वय उलटणाऱ्या मुलांना संरक्षण, याही तरतुदी होत्या. ४ फेब्रुवारीला मसुदा जाहीर झाला, ट्रम्प यांनी विरोध केला, आणि ७ तारखेला सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५० मतांनी ते अडले. रिपब्लिकनांनी स्वतःच मागितलेले कडक नियम स्वतःच नाकारले, तिथे १९८६ च्या अविश्वासाचे कारण पुरत नाही. निवडणुकीच्या वर्षात प्रश्न सुटण्यापेक्षा पेटता राहण्यात लाभ होता.

जुलै २०२५ मध्ये परिस्थिती मुळातूनच बदलली. केवळ साध्या बहुमताची गरज असलेल्या अर्थसंकल्पी मार्गाने सरहद्द आणि हद्दपारीसाठी सुमारे १७० अब्ज डॉलर्स मंजूर झाले, तेही काहीही न देता. ज्या अंमलबजावणीच्या बदल्यात पूर्वी कायदेशीर दर्जा मागता येत असे, ती आता आधीच हाती आली आहे. सौद्याच्या दुसऱ्या बाजूला मागायला काय उरले, हा प्रश्न त्याच महिन्यात रिपब्लिकन मारिया साल्झार आणि डेमोक्रॅट व्हेरोनिका एस्कोबार या प्रतिनिधींनी पुन्हा मांडलेल्या विधेयकापुढेही आहे. त्यात बहुतेकांना नागरिकत्व नाही, फक्त राहण्याची आणि काम करण्याची परवानगी आहे, आणि देशनिहाय मर्यादा ७ वरून १५ टक्के करण्याची तरतूद आहे.